काकर भैरवाच्या रानात

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केलेल्या आपल्या मराठी घरांची प्रवासाची ठिकाणे बहुधा ठरून गेलेली असतात. कुलधर्मासाठी जेजुरी किंवा तुळजापूर, पुण्या-मुंबईचे पाहुणे आले म्हणजे उज्जैन, ओंकारेश्वर आणि मांडू, आणि मुलांचा हट्ट फारच अनावर झाला तर एखाद्या वर्षी कान्हा किंवा पेंच. अरण्य म्हटले की ते तीन-चारशे मैल दूर असले पाहिजे, तेथे पहाटे कुडकुडत उघड्या जीपमध्ये बसले पाहिजे आणि व्याघ्रदर्शन न होता परत आले पाहिजे, अशी आमच्याही घरातील समजूत होती. देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कन्नोद-खातेगावच्या बाजूस, १९५५ सालापासून खिवनीचे अभयारण्य आहे. परंतु देवासात जन्म काढलेल्या आम्हांस ते पाहावयास वयाची पन्नाशी उलटावी लागली. तेथील सागवनात वाघाची पावले तेवढी दिसली. वाघ दिसला नाही. चिरंजिवांचा त्यावरून झालेला विरस वर्षभर पुरला.

गेल्या डिसेंबरात हेच चिरंजीव भूगोलाची वही घेऊन आमच्यासमोर येऊन उभे राहिले. वहीत मध्यप्रदेशातील राष्ट्रीय उद्यानांची यादी होती. कान्हा, बांधवगड, पन्ना, सातपुडा ही नावे ओळखीची. पण त्याने बोट ठेवले होते ते एका भलत्याच नावावर : ‘डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान, बाघ, जिल्हा धार.’

"बाबा, धार म्हणजे आपल्या मामाचंच ना? आणि तुमची पहिली नोकरी बाघकडेच होती ना? मग तुम्ही हे कसं पाहिलं नाही?"

आमच्या नोकरीच्या वेळी हे उद्यान नव्हते, ते २०११ साली झाले, हे उत्तर आम्ही दिले. ते खरेही होते. पण पुरे नव्हते. उरलेले उत्तर देण्याऐवजी आम्ही वर्तमानपत्र उघडले. मात्र आमची कन्या इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयात भूशास्त्र शिकते. तिने त्या नावावर अशी काही झडप घातली की रात्रीच्या जेवणापर्यंत बेत ठरला, आणि "मलाही न्या, धारला विहीणबाईंना भेटून पुष्कळ दिवस झाले," असे आमच्या मातोश्रींनी सांगून टाकल्यावर तो मोडण्याची सोय राहिली नाही. त्यांचे वय ब्याऐंशी.

शाळांना थंडीची सुटी लागली त्या दिवशी आम्ही पाच जण आमच्या जुन्या मारुतीत बसून निघालो. टेकरीवरील मोठ्या व छोट्या मातेला मातोश्रींनी गाडीतूनच हात जोडले. इंदूरच्या बाह्यमार्गावरील गर्दीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. घाटाबिल्लोद मागे पडले तशी काळी जमीन आणि हिरवे गहू दोन्ही बाजूंस पसरले, आणि दुपारी आम्ही धारला मेहुण्यांच्या दारी उतरलो. धार म्हणजे पवारांची गादी. येथल्याच किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. सासुरवाडीच्या ओसरीवर बसून ही कथा ऐकल्याखेरीज आमची धारची खेप आजवर कधी पुरी झालेली नाही. याही वेळी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाबरोबर निघून आम्ही सरदारपूरचा रस्ता धरला. सरदारपूरचे नाव पक्षिप्रेमी मंडळींना खरमोर पक्ष्यासाठी माहीत असेल. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा हा पक्षी वाचावा म्हणून १९८३ साली येथे अभयारण्य झाले. पक्षी पाव्हण्यासारखा चार महिने येतो. पण ज्यांची शेते त्या रेषेच्या आत सापडली त्यांना स्वतःची जमीन विकणेही वर्षानुवर्षे दुरापास्त झाले, आणि पक्षी तरी वाढले म्हणावे तर तेही कमीच होत गेले. रानाभोवती रेषा आखणे सोपे असते, एवढेच आम्ही तेव्हा गाडी चालवता चालवता बोललो. डिसेंबरात ते गवत पिवळे पडलेले होते व पक्षी अर्थातच नव्हता.

टांड्यापासून पुढे प्रदेश पालटतो. माळव्याचे पठार संपून रस्ता नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो. काळ्या मातीची जागा तांबूस माती घेते; शेतांच्या बांधावर ताडाची झाडे एकेकटी उभी दिसतात आणि त्यांच्या बुंध्याला ताडी काढणाऱ्याने चढण्यासाठी केलेल्या खुणा असतात. घाटात साग, मोह आणि पळस. सागाची पाने वाळून करडी झाली होती. येथील भिल्ल व भिलाला लोकांची गावे आपल्या गावांसारखी एका जागी दाटलेली नसतात. प्रत्येकाचे घर त्याच्या स्वतःच्या शेतात, टेकाडावर, आणि अशा काही विखुरलेल्या घरांचा मिळून एक फलिया. तीस वर्षांपूर्वी हाच रस्ता आम्ही एस.टी.च्या टपावरून पाहिला होता. तेव्हा घाट एवढा रुंद नव्हता व आम्ही एवढे रुंद नव्हतो, असे सौभाग्यवतींनी मुलांना सांगितले.

बाघ हे गाव बाघिनी नदीच्या काठी आहे. बाघला जाऊन वाघ नाही, याबद्दल चिरंजिवांनी एकदाच सुस्कारा टाकला. या गावाची कीर्ती दोन गोष्टींची. पहिली, दीड हजार वर्षांपूर्वी वालुकाश्माच्या कड्यात कोरलेली बौद्ध लेणी. त्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९२१ साली नंदलाल बोस व त्यांचे सहकारी येथे आले होते. ती मूळ चित्रे आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात आहेत, आणि लेण्यांत गेलेल्याला ओलसर अंधार व विहारातील भव्य खांब तेवढे पाहावयास मिळतात. दुसरी, बाघची छपाई : खत्री कारागीर लाकडी ठशांनी सुती कापडावर तांबडे आणि काळे नक्षीकाम करतात व ते कापड बाघिनीच्या वाहत्या पाण्यात धुतात. सौभाग्यवती आणि कन्या या दुसऱ्या कीर्तीच्या दुकानात शिरल्या तेव्हा आम्ही बाहेर चहा घेतला. दोन चहा घेतले.

वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात चौकशी केल्यावर एक तरुण नाकेदार आमच्याबरोबर आला. वाटेत त्याने मुलांना बजावले की उद्यानात वृक्ष पाहू म्हणाल तर निराश व्हाल. हे खरेच होते. नव्वद हेक्टरांहूनही थोडेसे कमी क्षेत्र. त्यात खुरटी झुडपे, बाभळी, पळसाची काही झाडे, आणि पांढरट-करड्या चुनखडीचे उघडे खडक. कान्हा उद्यानाच्या एखाद्या कोपऱ्यातसुद्धा अशी दहा उद्याने सामावतील. चिरंजीव म्हणाले, "हे तर आपल्या शाळेचं मैदान आहे!" तेव्हा कन्या एका खडकाजवळ उकिडवी बसलेली होती, आणि तिने आम्हां सर्वांना हाताने खूण केली.

खडकाच्या पृष्ठभागावर एक वर्तुळ होते. नारळाएवढे, कडेला काळपट बारीक रेघ, आत वेगळ्या रंगाचा दगड. त्याच्या शेजारी दुसरे. मग तिसरे. एकदा डोळ्यांना ओळख पटल्यावर हातभर अंतरात आम्ही सात मोजली. ती अंडी होती.

त्यानंतर आमच्या कन्येने जे सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत देतो. चुकले असेल तर दोष विद्यार्थ्याचा समजावा. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. बाघच्या खडकांत शिंपले, समुद्री साळू आणि शार्क माशांचे दात सापडतात ते त्या काळचे. नंतर समुद्र हटला. त्या जागी उष्ण हवेचा सखल प्रदेश आला, तळी आली, दलदल आली, झाडे आली. त्यांच्या लाकडाचाही दगड होऊन या टापूत राहिला आहे. या रानात टायटॅनोसॉर नावाचे लांब मानेचे, शाकाहारी, महाकाय प्राणी चरत असत. ते तळ्याकाठच्या मऊ चिखलात उथळ खड्डे करून अंडी घालीत आणि बुजवून निघून जात. काही घरटी पाण्याखाली जाऊन गाळात दबली. त्यांतील अंडी कधी उबलीच नाहीत, म्हणूनच ती आपल्याला अखंड मिळतात. पुढे, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, भूमीला भेगा पडून लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि हे सारे त्याखाली झाकले गेले. आपला माळवा आणि आपल्या पूर्वजांचा देश, म्हणजे सह्याद्रीचे कडे, हे दोन्ही त्याच काळ्या पाषाणाचे. आपण दोन प्रांतांतील अंतर किती मानतो! खाली दगड एकच आहे.

भारतात डायनासोरचे अवशेष प्रथम मिळाले ते १८२८ साली जबलपूरला, कॅप्टन स्लीमन यांना; ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून ज्यांचे नाव आपण वाचतो तेच हे. बाघ-कुक्षीच्या टापूतील अंड्यांनी मात्र जगाचे लक्ष वेधले ते २००७ साली, जेव्हा धार जिल्ह्यातील एका शालेय शिक्षकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी येथे शंभराहून अधिक अंडी शोधून काढली. त्यानंतर दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी येथील गावे पायाखाली घातली. अखाडा, ढोलिया रायपुरिया, झाबा, जामनियापुरा आणि पाडल्या या गावांच्या परिसरांत ९२ घरटी आणि २५६ अंडी त्यांनी नोंदवली व २०२३ च्या जानेवारीत तो वृत्तांत प्रसिद्ध केला. एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत अंडी. अंड्यांचे प्रकार सहा. घरटी एकमेकांना इतकी लागून की एवढ्या मोठ्या प्राण्याला त्यांच्यामधून पाऊल टाकणे शक्य झाले नसते. त्यावरून आईबाप पिलांजवळ राहत नसावेत असा तर्क निघतो. पाडल्याजवळच्या एका घरट्यात तर अंड्याच्या पोटात दुसरे अंडे आढळले. असे पक्ष्यांत क्वचित घडते. डायनासोरांत घडल्याचे त्यापूर्वी कोणास ठाऊक नव्हते.

हे ऐकताना आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्यांनी २००७ साली वाकून दगड पाहिला ते शिक्षक होते. आम्हीही शिक्षकच. आता आमचे अपुरे राहिलेले उत्तर.

१९९४ साली आम्ही याच तालुक्यातील एका शाळेत होतो. मराठीतील एम.ए.ची पदवी नवी, अंगातील रक्त नवे, आणि आदिवासी मुलांच्या मनातील अंधश्रद्धा उपटून टाकण्याचा उत्साह अनावर. सहावीच्या वर्गात विज्ञानाचे शिक्षक नसल्याने तोही तास आमच्याकडे असे. एके दिवशी ‘आपल्या परिसरातील वस्तू’ आणावयास आम्ही मुलांना सांगितले. कोणी महुआची फुले आणली, कोणी पिसे आणली. एका सडपातळ मुलाने कपड्यात गुंडाळून एक वाटोळा दगड आणला. नारळाएवढा. त्यावर शेंदराचे डाग होते. हा काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, हा काकर भैरव. काकर म्हणजे शेत, शेताची शीव. त्याचा हा राखणदार. बांधावर असतो, पावसाळ्यानंतर त्याला नारळ फोडतात, तो पिकाचे आणि गुरांचे रक्षण करतो. आणि मग त्याने हळूच जोडले की जमीन नांगरताना असे पुष्कळ निघतात, सगळे असेच वाटोळे, सगळे सारख्याच मापाचे.

शिक्षकाने येथे थांबावयास हवे होते. सारख्याच मापाचे वाटोळे दगड जमिनीतून पुष्कळ का निघतात, हा प्रश्न त्या मुलाने आमच्या टेबलावर आणून ठेवला होता. आम्ही त्याला उत्तर म्हणून दगडाला देव मानणाऱ्या माणसाच्या अज्ञानावर पाव तास व्याख्यान दिले, मुले हसली, आणि तो दगड आम्ही खिडकीतून मागच्या नाल्याच्या दिशेने भिरकावून दिला. मुलगा रडला नाही. खाली बसला आणि त्यानंतर आमच्या तासाला त्याने कधी हात वर केला नाही. पुढच्या वर्षी आमची बदली झाली.

२०२३ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रात एक बातमी आली. पाडल्या गावात शेतकरी काकर भैरव म्हणून ज्या दगडी गोळ्यांची पूजा करीत होते ते लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहिले, आणि ती टायटॅनोसॉरची अंडी निघाली. ती बातमी आम्ही दोनदा वाचली आणि घरात कोणास दाखवली नाही. त्या मुलाचा दगड अंडेच होते, असे आम्ही म्हणत नाही. ते आता कोण सांगणार? पण ते नसल्याची खात्री करून घेण्याची संधी आमच्या हातात होती आणि आम्ही ती खिडकीबाहेर टाकली.

उद्यानातील खडकावर बसून हे सारे आम्ही मुलांना सांगितले. सौभाग्यवतींनासुद्धा ते ठाऊक नव्हते. कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात नाकेदाराने आमच्या चिरंजिवांकडे हात पुढे केला. त्यांनी कवचाचा एक नखाएवढा तुकडा मुठीत घेतला होता, आणि तो त्याने पाहिला होता. राष्ट्रीय उद्यानातील दगडसुद्धा उचलणे कायद्याने मना आहे, हे फलकावर लिहिलेले आम्ही वाचले होते. पण तो तरुण रागावला नाही. "भैया, यह यहीं का है," एवढेच म्हणाला. चिरंजिवांनी तुकडा जेथून घेतला तेथेच नेऊन ठेवला. आणि बरोबर तीच जागा आहे ना, हे दोनदा पाहिले.

त्या नाकेदाराला आम्ही त्या मुलाच्या फलियाचे नाव सांगितले. ते त्याच्या ओळखीचे निघाले. गाडी जेथवर जाईल तेथवर नेऊन, पुढे मातोश्रींचा हात धरून, कपाशीच्या शेतातून आम्ही एका कौलारू घराशी पोचलो. घरी त्या मुलाचा धाकटा भाऊ होता. आमचे नाव सांगताच त्याने खाट अंगणात ओढली. थोरला भाऊ गुजरातेत राजकोटकडे बांधकामावर आहे. दिवाळीनंतर जातो, होळीला येतो. या बाजूच्या अर्ध्या घरांची कथा तीच. जमीन थोडी, पाणी पावसाचे. अंगणात म्हातारी माणसे आणि लहान मुले, कर्ती माणसे गुजरातेत.

आम्ही काकर भैरवाविषयी विचारले. त्याने काही न बोलता आम्हांस शेताच्या कडेला नेले. पळसाच्या झाडाखाली एका ओळीत पाच वाटोळे दगड होते, शेंदूर लावलेले, पुढे वाळलेल्या नारळाची करवंटी. त्यांना आता सरकारी माणसे ‘अंडा’ म्हणतात हे त्याला ठाऊक होते. त्याबद्दल त्याला हर्ष वा खेद दिसला नाही. मोठे साहेब येतात, फोटो घेतात, मोजमाप करतात, आणि जातात. भैरव बांधावर राहतो. जमीन मात्र आमच्याकडून घेऊ नका, एवढे त्या साहेबांना सांगा, असे तो म्हणाला. आम्ही कोणी साहेब नव्हतो. पण तो ते आलेल्या प्रत्येकास सांगत असावा. सकाळी सरदारपुरावरून जाताना आम्ही जे बोललो होतो ते येथे आठवले. या अंड्यांना कायद्याचे कुंपण मिळाले ते २०११ साली. त्यापूर्वी किती पिढ्या ती या बांधांवर न फुटता राहिली, ती कोणाच्या भीतीने नव्हे. नांगराला लागलेला दगड फोडून टाकावा की शेंदूर लावून शिवेवर ठेवावा, हे ज्यांनी ठरवले त्यांचे कुंपणात काय स्थान, याचा विचार नकाशा काढणाऱ्यांनी करावयास हवा.

मातोश्री पुढे झाल्या. त्यांनी चपला काढल्या, वाकता येत नव्हते म्हणून हातानेच नमस्कार केला, आणि कन्येला म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या शाळिग्रामासारखाच की! तस्साच गुळगुळीत."

कन्या एक क्षण थांबली. मग म्हणाली, "आजी, आपला शाळिग्रामसुद्धा जीवाश्मच असतो. गंडकी नदीत मिळतो ना, नेपाळात? हिमालय नव्हता तेव्हा तिथं समुद्र होता. त्या समुद्रातल्या शंखासारख्या प्राण्याचा तो दगड. त्याच्या आतलं चक्र म्हणजे त्या प्राण्याचं कवच."

"मग?" मातोश्री म्हणाल्या. "मी म्हटलं ते काय वेगळं?"

आमच्या वडिलांच्या देवघरात तो शाळिग्राम त्यांच्या आजोबांपासूनचा आहे. वडील रोज सकाळी त्याला ताम्हनात घेऊन स्नान घालीत, तुळस वाहत. त्यांच्या मागे ते आम्ही करतो. १९९४ सालच्या त्या दिवशी, शाळेत जाण्यापूर्वी, बाघच्या भाड्याच्या खोलीत आम्ही पूजा केली नसेल. पण दिवाळीला देवासला आलो तेव्हा सोवळे नेसून ती नक्कीच केली होती. हाताच्या तळव्यावर तो दगड घेतला होता, आणि अंधश्रद्धा हा शब्द आमच्या मनात आला नव्हता.

आम्ही त्या धाकट्या भावाला विचारले, तुझ्या दादाने शाळेत नेलेला दगड तुला आठवतो का? तो हसला. तो गोष्ट ऐकून होता. दादा त्याच दिवशी संध्याकाळी नाल्यात उतरून दगड घेऊन आला होता. बापाने त्याला मारले ते देव शाळेत नेल्याबद्दल. मग या पाचांतील तो कोणता? हे त्याला माहीत नव्हते. एखादा असेल, किंवा वरच्या शेताच्या बांधावर आणखी तीन आहेत त्यांतला असेल. आम्ही पाचही निरखून पाहिले. शेंदराच्या पुटांखाली सगळे सारखेच दिसत होते.

तोवर घरात चूल पेटली होती. मक्याच्या पिठाचे पानिये, पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, आणि उडदाची दाळ. मातोश्रींना ते चावेनात. घरच्या सुनेने त्यांच्यासाठी दाळीत कुस्करून दिले, आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना बराच वेळ काहीतरी बोलत बसल्या. एकीची मराठी आणि एकीची भिलाली. मध्ये दोघींची मोडकी हिंदी. आमची कन्या वरच्या शेतातील तीन दगड पाहून आली आणि वहीत काही लिहीत राहिली. चिरंजीव त्या घरच्या मुलाबरोबर ताडावर चढण्याचा प्रयत्न करीत होते. वाघाची आठवण त्यांना त्या दिवशी पुन्हा झाली नाही.

निघण्याच्या वेळी धाकट्या भावाने न सांगता भ्रमणध्वनी लावून आमच्या हाती दिला. पलीकडे यंत्राचा आवाज होता. मग तो थांबला.

"कोण, माटसाब?"

आम्ही नाव सांगितले. आवाज जाड झाला होता. पण बोलण्यातील तो हळूपणा तसाच होता. पुढे काय म्हणावे याची आम्ही वाटभर जुळवाजुळव केली होती. ती एकही गोष्ट ओठांवर येईना. तोच बोलत राहिला : केव्हा आलात, घरची मंडळी बरोबर आहेत का, रस्ता आता चांगला झाला की नाही. मग विचारले, "माटसाब, घर पे रोटी खाई के नी?"

खाल्ली, असे आम्ही सांगितले. दगडाविषयी आम्ही बोलू लागलो, तो म्हणाला की ते सगळे होळीला आलो की दाखवीन, वरच्या शेतात आहे. भगोरियाच्या बाजाराला या, मुलांनाही आणा. म्हणजे त्याला माहीत होते तो कोणता. त्याला मालकाची हाक आली आणि फोन बंद झाला.

धारला पोचेपर्यंत अंधार पडला होता. मागच्या आसनावर मातोश्री पदराच्या गाठीत उरलेला पानिया बांधून झोपल्या होत्या. यंदाची होळी कोणत्या तारखेला येते, ते सौभाग्यवतींनी मेहुण्यांच्या भिंतीवरील कालनिर्णयात पाहून ठेवले आहे.